ताई उद्यापासून आल्या नाहीत तर

माझं काम नेमकं काय आहे, हे नांदेडला राहणाऱ्या माझ्या आईला मी आजवर नीट सांगू शकलेले नाही. संस्थेत नोकरी, एवढं तिला कळतं. पण संस्थेत करतेस काय? एकदा भाकरी थापता थापता तिनं अगदी नेटानं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "बाहेरदेशातून पैसा येतो. त्यातून आम्ही गावातल्या बायांना काम शिकवतो. त्यांना ते खरंच आलं का, आमच्यावाचून त्या ते करू शकतात का, हे बघायचं आणि वर कळवायचं. हे माझं काम."

"म्हणजे परीक्षा घेतेस."

"हाव."

"मग दरवेळी तूच कामून भितीस एवढी? भ्यावं परीक्षा देणारानं."

आता काय सांगू हिला! आमच्यात परीक्षा घेणाराच सगळ्यात जास्त भितो. कारण बायांना आलं नाही तर शिकवणारे नापास, आणि शिकवणारेही आम्हीच. मीच शिकवायचं, मीच तपासायचं, मीच वर कळवायचं. यावर पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसत नाही, आणि तो बसू नये हे मलाही पटतं. म्हणून मधूनमधून बाहेरचं माणूस येतं. त्याला म्हणतात बाह्य मूल्यमापन. हे दोन शब्द ऐकले की माझं पित्त वाढतं. खरोखरचं पित्त, गोळी घ्यावी लागते ते.

तर ही त्यातल्या एका मूल्यमापनाची गोष्ट. रेणापूरच्या पुढे एका गावात आमची डाळमिल होती. म्हणजे बायांच्या गटाची होती, आणि कागदावर संस्थेची. सगळी भानगड त्या "कागदावर"मध्येच होती.

मिल लहानशीच. जुन्या गोदामात बसवलेली, एक मोटर, एक रोलर, चाळण्या, आणि मोटरीवरून रोलरवर जाणारा एक रबरी पट्टा. गावातली तूर आधी मोंढ्याच्या बाजारात जायची आणि तिथून डाळ होऊन गावच्या दुकानात यायची. आता ती गावातच भरडली जात होती. तुरीला तेल-पाणी कधी लावायचं, ऊन किती द्यायचं, रोलर किती कसायचा, चुनी म्हणजे डाळीचा चुरा वेगळा कसा काढायचा, हे सगळं बायांना शिकवायला आम्ही लातूरच्या एमआयडीसीतून मिस्त्री आणला होता. त्याच्यासोबत मीही शिकले. पाना हातात धरायची मला तोवर सवय नव्हती. बायांना होती असंही नाही, पण त्या लवकर शिकल्या आणि मी उशिरा, एवढंच.

गटातल्या दोघींची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढे जे झालं ते त्या दोघींनीच केलं. एक अध्यक्षबाई. साठीकडे झुकलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि बोलायला लागली की समोरच्याला मध्ये शिरायला जागाच नाही. दुसरी मशीनवाली. गावात तिचं हेच नाव पडलं होतं. चाळिशीची असेल. एरवी लोकांच्या रानात मजुरीला जायची, आणि मिल चालू असली की तिथून हलायची नाही. पट्टा निसटला, रोलर तापला, दगड अडकला, की ती उठायची, बटण बंद करायची, हात घालायची आणि काही न बोलता परत सुरू करायची. आमच्या अहवालाच्या रकान्यांत यालाच "क्षमता" म्हणतात.

ठरलं होतं असं. बाहेरचं मूल्यमापन होईल. गट संस्थेच्या मदतीशिवाय मिल चालवू शकतो असं त्यात आलं, तर मिल कायमची गटाच्या नावावर. तसं आलं नाही, तर मिल उचलून देगलूरकडच्या एका मोठ्या महिला संघाला द्यायची, कारण त्यांच्याकडे जागा होती, माणसं होती. हे मी बायांना एकदा नव्हे, दर बैठकीत सांगत होते. त्या माना डोलवायच्या. आणि अध्यक्षबाई दरवेळी एकच म्हणायच्या, "ताई, तुमी उगं फिकीर करूलालाव. मशीनीपुढं नारळ फोडलाय. दर दसऱ्याला हळद-कुंकू लावून पूजा करतो तिची. सून घरात आणल्यावर परत माहेरी धाडत्यात का कुनी?"

"अहो, कागद अजून झाला नाही."

"हुईल की कागद. कागद काय, मागून बी येतो."

माझं डोकं फिरायचं. पण मी तरी किती सांगणार? ज्याची पूजा केली ते आपलं, यावर त्यांचा इतका पक्का विश्वास होता की त्यावर माझ्या कागदाचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं.

मूल्यमापनाची तारीख आली आणि माझी झोप उडाली. नांदेडच्या ऑफिसातून साहेबांचे फोन सुरू झाले. साहेब म्हणजे आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की दुसऱ्याला घाबरवल्याशिवाय त्यांना बरं वाटत नसे. "मूल्यमापनाच्या बाई स्वतः येणार आहेत, समजलं का? नुसता रिपोर्ट वाचून जाणाऱ्यातल्या नाहीत त्या. बायांची तयारी करून घ्या. पण पढवलेलं वाटता कामा नये." आता हे कसं करायचं, ते त्यांनाच ठाऊक!

आदल्या दिवशी मी गावात गेले ती कावरीबावरी होऊनच. मिल पुसून घेतली. बाया दाराला तोरण लावायचं म्हणाल्या, मी ओरडले, "तोरण-बिरण काही नको, लग्न नाही आहे इथं!" बायांनी एकमेकींकडे बघितलं. अध्यक्षबाईंनी धपाटे आणले होते, ठेच्यासोबत. एरवी मी त्या धपाट्यांवर तुटून पडते. त्या दिवशी घास गिळेना. अर्धा खाल्ला आणि बाकीचा पदराआड सरकवला, तेही त्यांनी बघितलंच.

"ताई, तोंड किती उतरलंय हो तुमचं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उद्या येनारी बाई लई मोठी हाय का?"

"सगळं तिच्या हातात आहे."

"सगळं म्हनजे?"

मी मिलकडे बघत होते. मोटरीच्या खाली तेलाचा डाग होता आणि तो कसा काढायचा याचा विचार करत होते. "सगळं म्हणजे सगळं," मी म्हटलं. "ती एका शब्दात ठेवू शकते, एका शब्दात काढू शकते."

मशीनवाली चाळणी झाडत होती. तिचा हात थांबला. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मला वाटलं, आता कुठे हिलाही गांभीर्य कळलं. बरं वाटलं मला, काय सांगू! मी उठता उठता परत एकदा सगळं घोकून घेतलं. बाई विचारतील, मिल कोण चालवतं? आम्ही. बिघडली तर कोण दुरुस्त करतं? आम्ही. आणि ताई उद्यापासून आल्या नाहीत तर काय होईल? इथं सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं होतं, काही होणार नाही, आम्ही चालवू. हा शेवटचा प्रश्न त्या बाई हमखास विचारतात, असं साहेबांनी कुठूनतरी कळवलं होतं.

"म्हनतो की," अध्यक्षबाई म्हणाल्या. एवढंच. त्यांच्यासारख्या बाईनं एका वाक्यात विषय संपवला, तिथेच मला संशय यायला हवा होता.

रात्री लातूरच्या खोलीवरून आईला फोन केला तर ती म्हणाली, "माहूरच्या आईला बोलून ठेव काहीतरी." मी म्हटलं, आई, हे देवीच्या खात्यातलं काम नाही. फोन ठेवला आणि मग हळूच हात जोडले. कोण बघतंय!

परदेशी पाहुणी सकाळीच आली. उंच, पन्नाशीची, साधा सुती कुर्ता घातलेली, उन्हानं लाल झालेली. सोबत पुण्याची एक दुभाषी मुलगी होती, हुशार आणि गोड बोलणारी. पाहुणीनं वाकून बायांना नमस्कार केला, नाव विचारलं, मुलंबाळं विचारली. मला तिच्यात काही दोष काढता आला नाही, आणि त्यानं माझी धाकधूक आणखी वाढली. उर्मट माणूस असलं की निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात.

मग नियमाप्रमाणे मला बाहेर काढलं. संस्थेची माणसं चर्चेत बसत नाहीत, नाहीतर बाया मोकळं बोलत नाहीत. मी लिंबाखाली दगडावर बसले. गोदामाचं दार अर्धं लोटलेलं. आतून आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. आधी दुभाषीचा बारीक आवाज, मग अध्यक्षबाईंचा मोठा, मग शांतता. मग सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. मग कुणीतरी हसलं. हसणं ऐकून मला हायसं वाटलं. पण लगेच परत शांतता, आणि ती लांबत चालली. मी बाटलीतलं पाणी प्याले. पुन्हा प्याले. पाणी संपलं तरी बाटली तोंडाला लावत होते. एक म्हातारा येऊन विचारून गेला, "बाई, कुनाची वाट बघून राहिल्या?" त्याला काय उत्तर दिलं आठवत नाही.

आतून मोटरीचा आवाज आला. मिल दाखवताहेत म्हणजे चर्चा झाली, मी मनात म्हटलं. आणि तेवढ्यात फट्ट असा आवाज होऊन रोलर थांबला. मोटर नुसती फिरत राहिली, मग तीही बंद झाली. पट्टा निसटला होता. हा आवाज मला चांगला माहीत होता. मी उठले, पण मनाला समजावलं, अगं, उलट चांगलंच झालं. आता मशीनवाली उठेल, पट्टा बसवेल, आणि पाहुणीला डोळ्यांनी दिसेल. याहून मोठा पुरावा कोणता?

दार उघडलं आणि मशीनवाली माझ्याकडे पळत आली.

"ताई, चला. पट्टा निसटलाय."

"मग बसव की!"

"मला कुठं येतंय?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. बाई, झोपेत बसवशील तू पट्टा! मी तसं म्हणणार तोच तिनं आपला पाय माझ्या पायावर दाबला. जोरात, अंगठ्यावर. मागे दारात पाहुणी आणि दुभाषी उभ्या होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. मला काहीच कळेना. लाजली असेल, घाबरली असेल, असं वाटलं. मी आत गेले.

पाना घेतला. मोटरीचे बोल्ट सैल केले, मोटर पुढे सरकवली, पट्टा चढवला. बोल्ट परत कसताना पाना दोनदा निसटला. मशीनवाली माझ्या शेजारीच उभी होती. माझं चुकायला लागलं की तिचा उजवा हात आपोआप पुढे यायचा. ती डाव्या हातानं तो मनगटाशी धरायची आणि मागे ओढायची. हे मी बघितलं. बघितलं आणि आता मला कळलं की ही घाबरलेली नाही. ही मुद्दाम करते आहे.

पट्टा बसला. मिल सुरू झाली. अध्यक्षबाईंनी दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली आणि पाहुणीला म्हणाल्या, "बघा! बघितलं का मॅडम? ह्या ताई हायत म्हनून आमी हाव. आमाला काय कळतंय? अडानी बाया आमी. ताई नसल्या तर मशीन बंद, गट बंद, सगळं बंद. ताईला काढू नका बरं का. हात जोडते."

बाकीच्या बायांनीही हात जोडले. सगळ्यांनी, एकदम.

दुभाषीनं ते सगळं इंग्रजीत सांगितलं. चांगलं सांगितलं, काही सोडलं नाही. पाहुणी माझ्याकडे बघून हसली. ते हसू कौतुकाचं होतं, आणि मागे काहीतरी वाईट वाटल्यासारखंही होतं. मग तिनं वहीत लिहिलं. बायांनी तिची ओटी भरली, खण-नारळ दिला, कुंकू लावलं. गाडी धुरळा उडवत गेली.

गाडी वळणाआड गेली आणि मी फिरले. आयुष्यात मी इतकी कुणावर ओरडले नसेन. "काय केलंत हे? काय केलंत तुम्ही? काल घोकून घेतलं होतं ना? पट्टा तुला बसवता येत नाही? तुला?"

मशीनवाली हसत होती. आनंदानं. "पट्टा मीच ढिला केलता सकाळी," ती म्हणाली. "तुमच्या हातानं बसलेला दिसावा म्हनून."

"पण का?"

आता अध्यक्षबाईंचं हसू जरा कमी झालं. "कामून म्हनजे? तुमची नौकरी जाऊलाली न्हवं? तुमीच म्हनल्याव काल, ती बाई एका शब्दात काढू शकते. तोंड बघवत नव्हतं तुमचं. घास उतरंना. आमी बसलो सगळ्या सांच्याला. म्हनलं, ताईनं आमच्यासाठी एवढं केलं, आता आपन ताईसाठी करू. आमी चालवतो म्हनलं असतं तर ती म्हनली असती, मग ही ताई कशाला पायजे? काढा हिला!"

मी तुरीच्या पोत्यावरच बसले. राग इतका होता की रडू यायला लागलं, आणि रडू आलं याचा आणखी राग. कारण त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. चालवतो म्हटलं असतं तर पुढच्या करारात या गावाला ताई राहिली नसतीच. माझी नोकरी वर्षावर्षाची. तेवढं त्यांनी बरोबर ताडलं होतं. फक्त काल मी नोकरीबद्दल बोलतच नव्हते.

"मिल काढतील," मी म्हटलं. "मी मिलबद्दल बोलत होते. मशीनबद्दल. तुम्हाला येत नाही असं दिसलं तर मशीन नेणार आहेत. कितीदा सांगितलं मी?"

मशीनवालीनं पट्ट्यावर हात ठेवला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पन नारळ फोडलाय की." या वेळी त्यांचा आवाज बारीक होता.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग साहेब म्हणाले, "म्हणजे आता मी वर असं कळवू का, की आमच्या प्रशिक्षणानं बाया खोटं बोलायला शिकल्या? गप बसा तुम्ही. जे व्हायचं ते होईल."

मी गप बसले नाही. दुसऱ्या दिवशी नांदेडला पाहुणीची शेवटची बैठक होती. मला बोलावलं नव्हतं, तरी गेले. चहाच्या सुट्टीत तिला गाठलं, दुभाषीला बोलावलं आणि पट्टा, नोकरी, धपाटे, नारळ, सगळं भडाभडा सांगितलं. साहेब लांबून डोळे वटारत होते. पाहुणीनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी ती हळू बोलली आणि दुभाषीनं मराठीत सांगितलं, "त्या म्हणतायत, मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण मी जे बघितलं तेच लिहू शकते. शिवाय प्रत्येक गावात कार्यकर्ते मला नंतर येऊन असंच सांगतात, की बायांना येतं, त्या दिवशी फक्त दाखवलं नाही."

"पण हे खरं आहे!"

पाहुणीनं माझा हात धरला. दुभाषी जरा अडखळली, मग म्हणाली, "त्या म्हणतायत, समजा खरं असलं. तरी स्वतःची मिल पणाला लागलेली असताना त्यांना आधी तुमची काळजी वाटली. हे अवलंबून असणंच नाही का?"

आजही कधी वाटतं, बाई बरोबर बोलली. कधी वाटतं, अगं बाई, याला अवलंबून असणं म्हणतात का? आमच्याकडे याला दुसरं काहीतरी म्हणतात. पण त्याचा रकाना तिच्याकडे नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हता.

पुढचे दिवस मी फोनकडे बघत काढले. वाजला की दचकायचं, नाही वाजला की उचलून बघायचं. बायांकडे जायची हिंमत होत नव्हती. शेवटी साहेबांनी बोलावून घेतलं. चेहरा चांगला होता त्यांचा, त्यामुळे मला क्षणभर आशा वाटली.

"बसा," ते म्हणाले. "तुमच्या कामाचं लई कौतुक केलंय बाईंनी. गावांना तुमच्यासारख्या माणसांची अजून गरज आहे, असं लिहिलंय. तुमचा करार वाढला. या वेळी एकदम प्रकल्पाच्या पूर्ण टप्प्यासाठी."

"आणि मिल?"

त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. "मिल देगलूरला जाईल. आणि तिथल्या बायांना शिकवायला तुम्हीच जायचं."

मिल न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मी मुद्दाम सकाळीच गावात पोचले. वाटलं होतं, बाया दार लावून बसतील, भांडतील, मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. देगलूरहून आलेल्या माणसांनी मशीन आहे तशी दोर लावून ओढायला सुरुवात केली, तशी मशीनवाली पुढे झाली. "अवो, रोलर मोडंल! सरका बाजूला." तिनं लाईट बंद केली, वायर काढली, आणि पाना घेतला.

मग मी बघत राहिले. आधी पट्टा उतरवला. मग मोटर. दोघींनी चाळण्या काढल्या आणि मध्ये पोती घालून एकीवर एक रचल्या. अध्यक्षबाई जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडत होत्या. ज्या भागाचे बोल्ट, ते चिंधीत बांधून त्याच भागाला गाठ मारत होत्या, म्हणजे तिकडच्यांची गल्लत व्हायला नको. रोलरला ग्रीस लावलं. देगलूरच्या माणसाला मशीनवालीनं शेजारी बसवलं आणि सांगितलं, आधी काय जोडायचं, मग काय, पट्टा किती ताठ ठेवायचा, बोटानं दाबला की किती आत जायला पाहिजे. तो माणूस मान डोलवत होता, मध्ये मध्ये स्वतःशी तेलुगूत पुटपुटत होता. दुपारपर्यंत अख्खी मिल सुटी होऊन टेम्पोत बसली. त्या सगळ्या वेळात कुणीही एकदासुद्धा "ताई, हे बघा" म्हटलं नाही. मी कोपऱ्यात उभी होते. या कामाची एवढी चांगली चाचणी मी एवढ्या नोकरीत कधी बघितली नव्हती, आणि बघायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

रिकाम्या गोदामात जमिनीवर मोटरीखालचा तेलाचा डाग तेवढा राहिला. मशीनवालीनं त्यावर भुसा टाकला आणि पायानं घासला.

टेम्पो सुरू झाला तशी अध्यक्षबाई माझ्याजवळ आल्या. हात काळे, कपाळावरचं कुंकू घामानं फिसकटलेलं. इतक्या दिवसांत त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

"ताई," त्या म्हणाल्या, "नौकरीचं काय झालं तुमच्या?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून बोलवेना.

"राहिली," मी म्हटलं.

अध्यक्षबाईंनी गर्रकन मागे वळून गोदामाकडे हाक दिली. "राहिली गं! ताईची नौकरी राहिली!"

आणि ग्रीसनं माखलेल्या त्या सगळ्या बाया हसत बाहेर आल्या.